किसनरावांचा बिनमिठाचा उपास

किसनरावांनी त्या रविवारी पहाटेपासूनच पाणी वाचवायला सुरुवात केली.

नळाचं नाही, स्वतःच्या वाट्याचं. अकोल्याच्या डॉक्टरनं त्यांना दिवसाचं एक लिटर पाणी बांधून दिलं होतं. त्यातच चहा, त्यातच ताक, त्यातच वरणाचं पाणी. शुगर पंधराएक वर्षांची जुनी. ती दुखत नाही, खुपत नाही, म्हणून किसनरावांनी तिच्याकडे कधी वळून पाहिलं नाही. तिनं मात्र गुपचूप दोन्ही किडन्यांवर हात फिरवला. आता दिवस कलला की पाय सुजायचे. साखर आधीपासूनच बंद होती, आता मीठही बंद झालं. केळी बंद, खजूर बंद, नारळपाणी बंद, बटाटा बंद, रताळं बंद. अकोटच्या त्यांच्या वावरात टमाटरचे कॅरेटच्या कॅरेट निघायचे, पण किसनरावांनी एखादा टमाटर नुसता धोतराला पुसला तरी इंदूबाई लांबून ओरडायच्या, "ठेवा थे खाली!"

तर रोज सकाळी इंदूबाई एक बाटली भरून खुंटीला टांगायच्या आणि तिच्यावर नजर ठेवायच्या. पण आज बाटली पिशवीत होती, कारण आज अमरावतीला जायचं होतं. पोराची सोयरीक पक्की करायला.

पोरगा नितेश अकोल्याला कृषी विद्यापीठात नोकरीला. तिथंच शिकताना त्याची वर्षालीशी ओळख झाली. हे माळी, ते बौद्ध. किसनरावांच्या भावकीनं नाकं मुरडली. किसनराव म्हणाले, "नाक तुमचं हाय, मुरडा. पोट्टा माह्या हाय." आणि विषय संपवला. माणूस तसा दिलाचा मोठा. नुसत्या किडन्याच बारीक झालेल्या.

अकोल्याच्या स्टँडवर नितेश गाडीत चढला आणि बसल्या बसल्या त्यानं बापाला समजावलं.

"बाबा, तिचे पप्पा धर्मपालजी मानूस सोन्यासारखा हाय, पन सरळ हाय. थे म्हनले, मले हुंडा-मानपान काई नोको. मानसं माह्या घरी येऊ द्या, माह्या पंक्तीले बसू द्या. मनापासून जेवले तर पोरगी देली. नाई तर राम राम."

"म्हंजे जेवाचंच हाय फक्त?" किसनरावांचा चेहरा उजळला.

"पोटभर जेवाचं हाय," नितेश म्हणाला आणि मग बापाच्या पायाकडे पाहून गप्प झाला.

इंदूबाईंनी खिडकीतून नजर काढली. "हे पाहा, बीमारीचं नाव काढाचं नाही. ना शुगर, ना किडनी. माह्या भाचीची सोयरीक त्यापायीच मोडली. घराण्यात शुगर हाय म्हनले अन् उठून गेले. एकदा कुंकू लागू द्या, मंग सांगू."

"मंग मी खाऊ का नोको खाऊ?"

"खाचं बी नाई अन् नाई बी म्हनाचं नाई."

"हे जमते कसं?"

"दोन घास घ्याचे. पोट बिघडलं म्हनाचं. भाताचा ढीग हलवत राहाचा. पंगतीत कोन कोनाचं ताट पाहाते?"

बेत चांगला होता. पाण्याचाही बेत चांगला होता. सकाळपासून दोन घोट घेऊन किसनरावांनी बाकीची बाटली जपून ठेवली होती. सोयऱ्यांच्या घरी गेल्यावर तांब्याभर पाणी, कपभर चहा, वाटीभर वरण, सगळं ऐटीत घ्यायचं. पण एप्रिलचं ऊन होतं. खिडकीतून भट्टीची हवा तोंडावर येत होती. त्यात मूर्तिजापूरला शेजारी एक गडी येऊन बसला आणि बर्फासारख्या गार पाण्याची बाटली काढून गट गट गट प्यायला लागला. त्याच्या गळ्याचा मणी वर-खाली होताना किसनरावांनी पाहिला. मग त्यांनी तिकडे पाठ केली. पण आवाज तर कानात येतच होता. बडनेरा येईस्तोवर माणसाच्या जिवाचं जे व्हायचं ते झालं. इंदूबाईंना डुलकी लागली, आणि किसनरावांनी बाटली तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली आणली.

इंदूबाई जाग्या झाल्या. त्यांनी बाटली हलवून पाहिली.

"आता त्यांच्या घरी काय पेसान?"

"हवा," किसनराव म्हणाले.

धर्मपाल तायडे यांचं घर अमरावतीत, विहाराच्या मागच्या गल्लीत. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म घालवला आणि दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. माणूस उंचापुरा, आवाज असा की भरल्या गाडीत शेवटच्या सीटवरच्या झोपलेल्या माणसानं दचकून तिकीट काढावं. ते फाटकातच उभे होते, पांढराशुभ्र सदरा घालून.

किसनराव वाटभर घोकत आले होते. दोन्ही हात जोडून ते म्हणाले, "जय भीम!"

त्याच वेळी धर्मपालजी म्हणाले, "राम राम!"

दोघंही थबकले. मग दोघांनीही दुरुस्ती केली. किसनराव म्हणाले, "राम राम," आणि धर्मपालजी म्हणाले, "जय भीम." मग धर्मपालजी असे खळखळून हसले की समोरच्या घराची खिडकी उघडली.

बैठकीत बुद्धांचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो आणि त्यांच्या शेजारी ज्योतिबा-सावित्रीबाई. किसनरावांना बरं वाटलं. "आमच्या घरीबी हाच फोटो हाय," ते म्हणाले. धर्मपालजी म्हणाले, "मंग आपली सोयरीक तर जुनीच झाली."

सुरुवात अशी लोण्यासारखी झाली. मग वर्षालीची आई शकुनबाई पाणी घेऊन आल्या. किसनरावांनी पेला ओठाला लावला, मिशा ओल्या केल्या आणि खाली ठेवला. शकुनबाईंनी पेल्यात पाहिलं. पेला तसाच भरलेला. त्या तो तसाच उचलून आत गेल्या. मग पन्हं आलं. कैरीचं, गूळ आणि मीठ घातलेलं. म्हणजे पाणी, गोड, मीठ, एका पेल्यात तिन्ही गुन्हे.

"घ्या, उन्हातून आले," धर्मपालजी म्हणाले.

"घेतो ना. थंड होऊ द्या."

"बर्फ हाय त्यात!"

"मंग गरम होऊ द्या," किसनराव म्हणाले. इंदूबाईंनी त्यांना पदराआडून चिमटा काढला आणि आपला पेला रिकामा करून त्यांचाही उचलला. "मले लय आवडते पन्हं," असं म्हणून तोही रिकामा केला.

आतून फोडणीचा वास आला. शकुनबाईंनी ताटं मांडायला घेतली. वांग्याची भाजी, वर तेलाचा तवंग. वाटाण्याएवढ्या बुंदीचं रायतं. ठेचा. पापड. दाराच्या फटीतून किसनरावांनी हे सगळं पाहिलं. अर्ध्या भीतीनं, अर्ध्या भुकेनं. दोन वर्षांत त्यांच्या ताटात मीठ-तेलाचं काही आलं नव्हतं. दोन घास घेऊन थांबायचं हा इंदूबाईंचा बेत. पण आपण दोन घासांवर थांबणारा माणूस नाही, हे किसनरावांना स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं. त्या वांग्याला एकदा हात लागला की मग थेट दवाखानाच.

"चला, पानं वाढली," धर्मपालजी उठले.

आणि किसनरावांच्या तोंडून निघून गेलं, "माह्या तर आज उपास हाय."

स्वयंपाकघरात कोणाच्या तरी हातून पळी खाली पडली. खणकन. इंदूबाईंनी डोळे मिटले. नितेश फोनमध्ये काहीतरी टाइप करत होता, त्याचा अंगठा हवेतच राहिला.

"उपास?" धर्मपालजी परत बसले. "आज? रविवारी?"

"हाव. सूर्यनारायणाचा."

"सोयरीक कराच्या दिवशी?"

"आता धरला तर धरला," किसनराव म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांना उलट बरंच वाटलं. पोट बिघडल्यापेक्षा उपास चांगला. देवाचं नाव आलं की पुढे कोणी विचारत नाही. हे आपल्याला गाडीतच का सुचलं नाही, असंही त्यांना वाटलं.

धर्मपालजींनी त्यांना एकदा खालून वर न्याहाळलं. मग म्हणाले, "आमच्या घरी हे उपासतापास काई नसतात, आमाले त्यातलं समजत नाही. पन तुमी माह्या घरून उपाशी जासान, असं व्हनार नाही. शकुन! नीलमताईले आवाज दे!"

नीलमताई शेजारच्या. वर्षातले अर्धे दिवस त्यांचा उपास आणि उरलेले अर्धे त्याच्या तयारीचे. त्या पदर खोचतच आल्या. कोणाला तरी आपल्या विद्येची गरज पडली, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"रविवार? सूर्यनारायण? म्हंजे बिनमिठाचा!" त्या म्हणाल्या. "त्यात मीठ चालत नाई. साबुदान्याची उसळ बाद. भगर बाद."

बिनमिठाचा! किसनरावांनी मनातल्या मनात सूर्यनारायणाला हात जोडले. देवानं डॉक्टरशी बोलून ठेवलं होतं जणू.

"म्हून सगळं गोडच लागते," नीलमताई पुढे म्हणाल्या आणि घराकडे धावल्या.

अर्ध्या तासात किसनरावांच्या समोर पाट आला आणि पाटावर परात. त्यात काय नव्हतं? केळ्याचं शिकरण, वरून साखर. गुळात शिजवलेली रताळी. ताटलीभर खजूर. एक अख्खं शहाळं, नळी खोचलेलं. डॉक्टरनं बोटांवर मोजून मोजून जे जे बंद सांगितलं होतं, ते सगळं एकाच परातीत नांदत होतं. डॉक्टरनंच पाठवल्यासारखं, फक्त उलट्या बाजूनं.

"लाजू नका," नीलमताई म्हणाल्या. "उपासाले सगळं चालते."

बाकीची पंगत शेजारीच बसली. इंदूबाईंनी मनाशी ठरवलं की नवऱ्याची कसर आपणच भरून काढायची. त्यांनी वांग्याची भाजी तीनदा घेतली. ठेचा घेतला. पापडावर पापड घेतला. "आमच्यात काई भेद नसते बरं," असं म्हणत त्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर जेवत होत्या. नितेशही खाली मान घालून रेटत होता. पण धर्मपालजींची नजर परातीवर होती. आयुष्यभर भरल्या गाडीत बिनतिकिटाचा माणूस हुडकलेली नजर ती.

किसनरावांनी शहाळ्याला हात लावला, तेवढ्यात आतून वर्षाली आली. सावळी, चुणचुणीत पोरगी. तिनं वाकून शहाळंच उचललं.

"काका, हे गरम झालं. राहू द्या."

आणि घेऊन गेली. धर्मपालजी बघतच राहिले. किसनरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि शिकरणाच्या वाटीकडे हात नेला. वर्षाली परत आली.

"काका, यात माशी पडली."

"कुठी हाय माशी?" धर्मपालजींनी वाटीत डोकावून पाहिलं.

"उडाली पप्पा," असं म्हणून तिनं वाटीही नेली. शकुनबाई दुसरी वाटी घेऊन आल्या. वर्षालीनं दारातच ती आईच्या हातातून घेतली. दोघींची दारात बारीक आवाजात खेचाखेच झाली.

किसनरावांना वाईट वाटलं. खायचं नव्हतं हे खरं, पण म्हणून तोंडापुढचं उचलून न्यायचं? ही पोरगी आपल्याला सासरा म्हणून पसंत करत नाही की काय? पोट्ट्यानं हिला विचारलं तरी आहे का नीट?

"वर्षाली!" धर्मपालजींचा आवाज चढला. "पाव्हन्याच्या पुढचं उचलत असते का? ठेव थे अन् जाय आत!"

शिकरण परत आलं. आता सगळे पाहत होते. किसनरावांनी एक खजूर उचलला, तोंडाजवळ नेला, खोकला आल्यासारखं केलं आणि खजूर सदऱ्याच्या खिशात सोडला. कोणी पाहिलं नाही. मग दुसरा. मग तिसरा. हात बसला. जादूगाराचा बसतो तसा. ताटली अर्धी झाली, आणि नीलमताई खूश होऊन म्हणाल्या, "पाहा, भूक होती ना!" ताटलीत त्यांनी पुन्हा मूठभर खजूर टाकले. तेही गेले. किसनरावांना आता घाम फुटला होता, पण बाजी जिंकली होती. धर्मपालजींचा चेहराही जरा सैल झाला होता.

किसनरावांनी घाम पुसायला खिशातला रुमाल ओढला.

रुमालासोबत खजूर आले. टपटप, टपटप. एक परातीत, दोन फरशीवर, आणि एक घरंगळत घरंगळत धर्मपालजींच्या पायाशी जाऊन थांबला.

धर्मपालजींनी तो उचलला. बोटांत धरून पाहिला. वर पंखा फिरत होता.

"किसनराव," ते हळू म्हणाले, आणि एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस हळू बोलला म्हणून सगळ्यांनाच भीती वाटली. "एसटीत माह्यासंगं एक डायवर होता. चांगला मानूस. हसे, बोले. पन दुपारी गाडी थांबली, मी डबा उघडला, घ्या म्हनलं, का त्याचा उपास असे. सोमवार असो, शुक्रवार असो. मी म्हनत होतो, बाप्पा, काय धार्मिक मानूस हाय! मंग एक दिवस दुसऱ्या कंडक्टरच्या डब्यातलं मटन खाताना दिसला. मले उपास सांगतला त्याच दिवशी."

धर्मपालजींनी खजूर बोटांत फिरवला.

"त्याचं मी मनावर नाई घेतलं. थो सरकारी गाडीतला सोबती. आज हाय, उद्या नाई. पन माह्यी पोरगी ज्या घरात जानार..." त्यांनी खजूर परातीच्या कडेला ठेवला. "पानी तसंच, पन्हं तसंच. मंग उपास. बरं, उपासाचं केलं तर खिशात. तुमाले आमच्या घरचं चालत नसन तर तसं सांगा. आमी रागावत नाई. आमाले सवय हाय. पन पोरगी देनार नाई."

नितेश उठून उभा राहिला. इंदूबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. आणि किसनरावांना वाटलं, आपल्या कानाखाली कोणीतरी सणसणीत वाजवली. उपास म्हणजे देवाचं नाव, पुढे कोणी विचारत नाही, असं त्यांना वाटलं होतं. ह्या घरात तो शब्द कोणकोणत्या दारांवरून फिरून आलेला आहे, ते त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग त्यांना जे सुचलं ते त्यांनी केलं. शिकरणाची वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाला लावली.

"अहो!" इंदूबाई किंचाळल्या.

"काका!" वर्षाली आतून धावत आली आणि तिनं वाटी धरली. किसनराव सोडेनात. तिनं ओढली. किसनरावांनी ओढली. "मले खाऊ दे पोरी! माह्या सोयऱ्याच्या घरचं हाय!" "नका खाऊ काका!" "खातो!" "नका!" आणि शिकरण उडालं ते थेट धर्मपालजींच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर. केळ्याचा एक काप त्यांच्या खिशाला बिल्ल्यासारखा चिकटला.

"पोरी!" धर्मपालजी गरजले. "आता कुठी मानूस खाऊन राह्यला अन् तू..."

"पप्पा, थे शिकरन खाल्लं तर त्यांले दवाखान्यात न्या लागीन! त्यांची किडनी खराब हाय! शुगरनं खराब झाली हाय!"

पंखा फिरतच होता.

"तुले कोनं सांगतलं?" इंदूबाईंनी विचारलं.

वर्षालीनं नितेशकडे पाहिलं. नितेशनं पंख्याकडे पाहिलं.

"मी तिले पयलेच सांगतलं होतं," तो पंख्याला म्हणाला. "लग्न कराचं अन् लपवाचं, मले नाई जमत आई. पन तू म्हनली घरी सांगाचं नाई, म्हून तिलेबी गप्प राहाले लावलं."

धर्मपालजी किसनरावांसमोर उकिडवे बसले.

"किडनी?"

"हाव," किसनराव म्हणाले.

"खरंच खराब हाय?"

"लय खराब हाय."

"दोनी?"

"दोनी."

"माह्यी शपथ?"

किसनरावांनी धोतर वर केलं आणि पाय पुढे केला. नडगीवर अंगठा दाबला, सोडला. चांगला खोलगट खड्डा पडला आणि तसाच राहिला. धर्मपालजींनी स्वतःचा अंगठा लावला. दुसरा खड्डा पडला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं, जशी नातू झाल्याची बातमीच आली.

"शकुन! पाह्य, पाह्य! खड्डा पडते! अव खरंच बीमार हाय मानूस!"

शकुनबाईंनी पदराला डोळे पुसले. "बाई, बाई, माह्या जिवात जीव आला."

"नीलमताई, दाबून पाहा तुमी बी!" धर्मपालजी आनंदानं ओरडले. नीलमताईंनी दाबून पाहिलं आणि मान डोलावली. किसनरावांच्या सुजेनं आजवर कोणालाच एवढं सुख दिलं नव्हतं. समोरची खिडकी परत उघडली. धर्मपालजी दारात जाऊन म्हणाले, "काई नाई हो! सगळं ठीक हाय! नुसती किडनी खराब हाय!"

मग ते परत आले आणि किसनरावांचे दोन्ही हात धरले. "अन् थे मले सांगाले काय झालं होतं? मी काय पोरगी तुमच्या किडनीले देऊन राह्यलो का?"

"चुकलं," किसनराव म्हणाले. "बीमारी लपवली त्याचं मले काई नाई वाटत. पन तुमच्या मनात थे आलं... थे माह्यानं आलं. थे चुकलं."

"माह्यंबी चुकलं. मी गाडीतला डायवर तुमच्यात पाह्यला." धर्मपालजींनी खिशावरचा केळ्याचा काप काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि तोंडात टाकला. "पन आता हा मानूस उपाशीच जाते का? शकुन, याले काय चालते?"

तेव्हा वर्षालीनं आतून एक झाकलेलं ताट आणलं. झाकण काढलं. दोडक्याची भाजी, आधी उकळून पाणी फेकलेली. मोजका भात. दोन पातळ पोळ्या. कोबीची कोशिंबीर. वाटीत लिंबू. मिठाचा कण नाही.

"सकाळपासून करून ठेवलं होतं काका. आईले सांगतलं, त्यांच्याकडे फिकं खातात. म्हनलं, पंगतीत गुपचूप तुमच्यापुढं हेच ताट ठेवीन. अन् तुमी म्हनले, उपास हाय."

किसनरावांनी ताटाकडे पाहिलं. म्हणजे नुसतं तोंड मिटून पाटावर बसलो असतो तर चुपचाप जेवून, ढेकर देऊन, तारीख धरून मोकळे झालो असतो. ना खजूर, ना खड्डे. त्यांनी कपाळावर हात मारला आणि जेवायला सुरुवात केली. धर्मपालजी म्हणाले, "थांबा, मी बी घेतो याच ताटातलं," आणि त्यांनी दोडक्याचा मोठा घास घेतला. चावला. थांबले. आणखी थोडा चावला.

"किसनराव."

"बोला."

"हे रोज खाता तुमी?"

"रोज."

"मानूस मोठा हाय," धर्मपालजी सगळ्यांना म्हणाले आणि डोळे मिटून घास गिळला.

एकदा मनं मोकळी झाली की कामं भराभर होतात. वर्षालीनं अकोल्याच्या दवाखान्यात फोन लावून विचारून घेतलं. शिकरणाचा एक घोट गेला असेल तर घाबरायचं नाही, पण उद्या सकाळी रक्त तपासून घ्यायचं. मग ती इंदूबाईंजवळ बसली. दोघींचं चांगलंच जमलं.

"काकू, घरी यांच्या जेवनाचं कसं असते?"

"मी पाह्यते ना. पन मी वावरात गेली का हे..."

"का हे काय?"

इंदूबाईंनी आवाज खाली केला. पण खाली केलेला आवाजही इंदूबाईंचाच होता, तो सगळ्या घरानं ऐकला. "लोनचं खातात. बोटानं."

"बरनी कुठी ठेवता?"

"वरच्या फळीवर."

"मंग यांचा हात पोचते. पेटीत ठेवू, कुलूप लावू. अन् शेजारी कोनाकडे जाऊन खातात का?"

"शेवटच्या घरी. पोह्याच्या दिवशी."

"मी त्यांच्याशी बोलीन," वर्षाली शांतपणे म्हणाली. "अन् चहा? चोरून पेतात का?"

किसनरावांनी हातातला घास परत ताटात ठेवला. गेली दोन वर्षं त्यांचं तुरुंगातलं जे काही थोडंफार हवापाणी होतं, ते ह्या पोरीनं पाच मिनिटांत हुडकून काढलं होतं. बापाचीच नजर. भरल्या गाडीतून बिनतिकिटाचा माणूस कानाला धरून उतरवणारी.

"मंग?" धर्मपालजींनी मांडीवर थाप मारली. "आता तर काई राह्यलं नाई. सगळं उघडं झालं. तारीख धराची का, इवाई?"

व्याही म्हणून हाक आली तसे सगळे किसनरावांकडे पाहू लागले. शकुनबाईंनी साखरेची वाटीही आणून ठेवली, नंतर लक्षात येऊन ती घाईघाईनं मागे लपवली.

किसनरावांनी मिशांवरून हात फिरवला.

"थोडं थांबा ना," शेवटी ते म्हणाले. "मले जरा विचार करू द्या."

"आता कायचा विचार?" धर्मपालजी चमकले. "पोरगी पसंत नाई का?"

किसनरावांनी वर्षालीकडे पाहिलं. ती त्यांच्या ताटातला उरलेला दोडका एका बाजूला सारून मोजकाच भात पुढे करत होती.

"पसंत हाय हो," ते म्हणाले. "लय पसंत हाय. तिचंच तर भेव हाय."